घराबाहेर पडताना एवढा हिशेब करा

हैदराबादच्या नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुरा, काचीगुडा या भागातल्या मराठी घरांसाठी हे लिहिते आहे. विषय रोजचाच. कामावर, शाळेत, दवाखान्यात, देवळात जायचे आणि परत यायचे. यात पैसे जातात, त्याहून जास्त वेळ जातो, आणि दोन्हींचा हिशेब आपण ठेवत नाही.

ठेवत नाही, कारण हा खर्च एकरकमी कधी समोर येत नाही. थोडा पेट्रोल पंपावर जातो, थोडा ऑटोवाल्याला, थोडा मेकॅनिककडे. उरलेला सिग्नलला उभे राहून फेडायचा.

तेव्हा पहिले काम सांगते. एक आठवडा वही ठेवा. घरातले कोण कुठे गेले, कशाने गेले, पैसे किती लागले, दारातून निघून पोचेपर्यंत वेळ किती लागला, एवढेच लिहा. बसची वाट पाहिली असेल तर ती मिनिटे धरा. पार्किंगसाठी घातलेल्या चकरा धरा. मुलांना सोडायला जाऊन रिकामी परत आलेली स्कूटरही धरा.

एक उदाहरण मांडून दाखवते. मुलगा मोटारीने हायटेक सिटीला जातो असे समजा. नल्लकुंट्याहून अठरा-वीस किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०७ रुपये धरा. गर्दीत मोटार लिटरला बारा किलोमीटर चालली तर एका बाजूचे पावणेदोनशे रुपये नुसते पेट्रोलचे झाले. दोन्ही बाजू धरून साडेतीनशे. महिन्याचे बावीस दिवस म्हटले तर साडेसात हजारांच्या वर. हप्ता, विमा, टायर, पार्किंग यांना मी अजून हात लावलेला नाही.

आता मेट्रो. नारायणगुड्याला बसायचे, परेड ग्राउंडला गाडी बदलायची, रायदुर्गच्या बाजूला जायचे. २०२५च्या मेमध्ये मेट्रोचे भाडे वाढले. ओरड झाली, मग थोडे उतरवले, आणि ते ११ ते ६९ रुपये झाले. म्हणजे सगळ्यात लांबचे तिकीट धरले तरी जाऊन-येऊन १३८ रुपये. मोटारीच्या पेट्रोलाच्या निम्म्याहूनही कमी.

पण खरे तेही सांगायला हवे. मेट्रो आपल्या दारात नाही. नारायणगुडा, चिक्कडपल्ली, आरटीसी चौरस्ता ही स्टेशने जवळची म्हणायची, तरी गुडघे दुखणाऱ्याला चालत जाण्यासारखी नाहीत. घर ते स्टेशन ऑटोला पैसे मोजले की मेट्रोचा स्वस्तपणा अर्धा तिथेच संपतो. नल्लकुंट्याचे दुखणे हे पहिले दोन किलोमीटर आहेत. वहीत ते वेगळे लिहा. पुढे त्याचा उपयोग आहे.

विद्यानगरचे एमएमटीएस स्टेशन आपण विसरूनच गेलो आहोत. ही लोकल २००३ साली सुरू झाली. विद्यानगरला बसून एकीकडे सिकंदराबाद, दुसरीकडे काचीगुडा आणि फलकनुमा. कमीत कमी तिकीट ५ रुपये. एवढ्या स्वस्तात या शहरात चहासुद्धा मिळत नाही. अडचण एकच, गाड्या थोड्या. म्हणून आधी वेळ बघा आणि मग घर सोडा. ज्याचे काम वेळेला बांधलेले आहे, त्याला महिन्याचा पास काढून ही गाडी फार चांगली.

आता मुळाला हात घालू. रस्ते एवढे तुंबतात का? गाड्या वाढल्या म्हणून, हे उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे असे, की गर्दीच्या वेळी रस्त्यावर गाडी आणायला पैसे पडत नाहीत.

तिरुपतीला तुम्ही गेलाच असाल. सर्वदर्शन फुकट आहे. तिथे पैसे लागत नाहीत, तास लागतात. ३०० रुपयांचे विशेष दर्शनाचे तिकीट काढले तर रांग आखूड होते. आपले रस्ते म्हणजे सबंध सर्वदर्शनाची रांग. कोणीही, केवढीही गाडी घेऊन, कुठल्याही वेळी शिरावे. दारात कोणी पैसे मागत नाही, म्हणून सगळेच वेळ मोजतात. देवस्थानाने आणखी एक शहाणपण केले. फुकट दर्शनवाल्यांनाही टोकन देऊन वेळ नेमून दिली. माणसे तेवढीच, पण ती दिवसभरात विभागली गेली. रस्त्याला असे टोकन नाही. सकाळी नऊला सगळे एकदम दारात.

आणि रस्त्यावर आणखी एक होते. तुम्ही मोटार काढता, तेव्हा तुम्हाला होणारा उशीर तुम्हाला कळतो. तुमच्या मोटारीमुळे मागच्या बसमधल्या पन्नास-साठ जणांना होणारा उशीर तुम्हाला कळत नाही. त्याची भरपाईही तुम्ही करत नाही. हे तुमच्यावर रागावून म्हणत नाही. तुमच्या पुढचा मोटारवालाही तुमच्याशी तसाच वागतो आहे. विल्यम विकरी नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. गर्दीच्या वेळी भाडे जास्त आणि एरवी कमी ठेवा, असे त्यांनी १९५२ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला सुचवले. रस्त्यांनाही तेच लावा, असे ते पुढे सांगत राहिले. लोकांनी फार मनावर घेतले नाही. १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांत ते वारले.

पूल बांधले की प्रश्न मिटेल, असे पुष्कळांना वाटते. इंदिरा पार्क ते व्हीएसटी हा लोखंडी पूल बघा. १९ ऑगस्ट २०२३ला सुरू झाला, साडेचारशे कोटींचा. आरटीसी चौरस्त्याच्या सिग्नलला जे तासभर घाम गाळत होते, ते आता वरून जातात. चांगलेच झाले. पण पूल जिथे उतरतो तिथून पुढे रामनगर, विद्यानगर, आपल्याकडचे रस्ते पूर्वीएवढेच आहेत. शिवाय वाट मोकळी दिसली की जे एरवी बसने गेले असते तेही मोटार काढतात. चार-दोन वर्षांत गर्दी पुन्हा जमते. रुंद रस्त्याला ‘नको’ म्हणू नका. पण त्यावर विसंबून दुसरी मोटार घेऊ नका.

आता बायकांसाठी. हे नीट वाचा, कारण यात बारीकसारीक चुका फार होतात.

९ डिसेंबर २०२३पासून तेलंगणात बायकांना सरकारी आरटीसी बसचा प्रवास फुकट आहे. महालक्ष्मी योजना म्हणतात. शहरात सिटी ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्सप्रेस, बाहेरगावी पल्ले वेलुगू आणि एक्सप्रेस, एवढ्याच गाड्यांना ती लागू आहे. डिलक्सला नाही, एसीला नाही. चढण्याआधी पाटी वाचा.

ओळखपत्र मूळ हवे. त्यावर तुमचा फोटो हवा आणि तेलंगणातला पत्ता हवा. पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ताच नसतो. झेरॉक्सवर आणि मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका.

आपल्या घरांची खरी गोची पत्त्यात आहे. सूनबाई लग्न होऊन नांदेडहून, लातूरहून, उदगीरहून येतात. इथे पाच-पाच वर्षे संसार करतात. आधारवर पत्ता अजून माहेरचाच. मग वाहक तिकिटाचे पैसे मागतो, सूनबाई तावातावाने भांडतात, आणि बसमधले सगळे मागे वळून बघतात. वाहकाचे काही चुकत नाही. आधारचा पत्ता बदलून घ्या. या आठवड्यातच घ्या. आणि परभणीहून मावशी राहायला आली, तर तिचे तिकीट गुपचूप काढा.

दुसरी गोष्ट. वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो, ते झिरो तिकीट न घेता बसू नका. ‘फुकटच आहे, तिकीट कशाला?’ असे म्हणणाऱ्या बायका मी रोज बघते. शंकरमठाच्या थांब्यावर सकाळी बस येते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात वरची दांडी, आधार कार्ड पर्समध्ये तळाशी. वाहक गर्दीतून वाट काढत येतो, पुन्हा पुन्हा विचारतो, आणि एखादी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघते. तोवर पुढचा थांबा येतो. असे करू नका. तिकीट नसेल तर ५०० रुपये दंड होऊ शकतो, हे आरटीसीने सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे.

पण दंडापेक्षा मोठे कारण वेगळे आहे. तुमचा प्रवास फुकट नाही. तो सरकारने विकत घेतलेला आहे. तुम्ही घेतलेल्या प्रत्येक झिरो तिकिटाचे पैसे सरकारने आरटीसीला द्यायचे असतात. तिकीटच फाडले नाही, तर आरटीसीने तुम्हाला नेले आणि तिच्या पदरात काही पडले नाही. २०२५च्या जुलैपर्यंत राज्यभरात असे २०० कोटी प्रवास झाले. त्यांची किंमत सरकारने ६,६८० कोटी रुपये सांगितली. म्हणजे एका प्रवासाला सरासरी तेहतीस रुपये. हे पैसे तुमच्याआमच्या करातून आलेले आहेत. तेव्हा कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, तिकीट मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपा.

आणखी एक विनंती, विशेषतः माझ्या वयाच्या बायकांना. मीही झिरो तिकिटावरच फिरते. पण सकाळी साडेआठ ते साडेदहा त्या बसमध्ये कामावर जाणाऱ्या मुली आणि कॉलेजची पोरे असतात. आपल्याला देवळात जायचे असते, बहिणीकडे जायचे असते, बँकेत पासबुक भरायचे असते. आपण अकराला निघालो तर काय बिघडते? जागा बसायला मिळते. आणि दोन थांब्यांसाठी तर गर्दीच्या वेळी बसमध्ये चढूच नका. पाय चालत असतील तर चाला.

सवलतीची वेळ ठरवून गर्दी विभागायचा प्रयोग मेट्रोनेही केला होता. २०२३ साली पहाटे सहा ते आठ आणि रात्री आठनंतर कार्डावर दहा टक्के सूट दिली होती. पुढे ती बंद झाली. मला ती सूट योग्य वाटत होती. रिकाम्या डब्यात एक माणूस वाढला तर मेट्रोचा खर्च वाढत नाही. भरलेल्या डब्यात एक वाढला तर सगळ्यांचाच जीव गुदमरतो. मग दोघांचे तिकीट सारखे का?

नांदेडला, लातूरकडे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. तेलंगणाच्या एक्सप्रेसमध्ये बाईचे झिरो तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. हद्दीपुढचे भाडे द्यावे लागते. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून प्रवास मोफत, आणि पासष्टच्या पुढच्यांना अर्धा. त्याही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीतल्या. निघण्याआधी दोन्हींची गोळाबेरीज करा. काही वेळा एक गाडी बदलली तर बरेच पैसे वाचतात. सामान फार असेल तर मात्र ही कसरत करू नका.

आता पुरुषांकडे आणि मुलांकडे वळते. यांना तिकीट आहे, आणि ते वाढते आहे.

२०२५च्या जूनमध्ये पासचे भाव वाढले. ऑर्डिनरीचा महिन्याचा पास १,१५०चा १,४०० झाला. मेट्रो एक्सप्रेसचा १,३००चा १,६०० झाला. विद्यार्थ्यांचा ४००चा ६०० झाला. ६ ऑक्टोबर २०२५पासून शहरातल्या तिकिटावरही वाढ आली. ऑर्डिनरी आणि एक्सप्रेसला पहिल्या तीन टप्प्यांपर्यंत ५ रुपये जास्त, चौथ्यापासून १० रुपये जास्त.

पास काढायचा की नाही, याचे गणित सोपे आहे. महिन्यात पंचवीस दिवस, दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे पन्नास फेऱ्या. १,४०० भागिले पन्नास म्हणजे २८ रुपये. तुमचे एका बाजूचे तिकीट २८हून जास्त असेल तर पास काढा. कमी असेल तर काढू नका. मधे बस बदलावी लागत असेल तर दोन्ही तिकिटे मिळून धरा, मग पास बहुतेक परवडतोच. ऑफिस आठवड्यातून तीनच दिवस असेल, तर पास म्हणजे तोटा. शहरात दिवसभर पुष्कळ फिरायचे असेल तेव्हा चोवीस तासांचे टी-२४ तिकीट मागा. आजचा भाव वाहकाला विचारा.

भाडे वाढले की आपल्याला राग येतो. यावा. पण राग कशावर धरायचा, ते आधी ठरवा. आरटीसीचे म्हणणे असे, की डिझेलच्या गाड्या काढून शहरात २,८०० विजेच्या बस आणायच्या आहेत, त्याला पैसा हवा. हे म्हणणे ऐकून घ्या आणि मग विचारा, गाड्या कधी येणार आणि आमच्या रस्त्यावर किती येणार?

हा प्रश्न का विचारायचा, हे मुंबईकरांकडून शिकावे. २०१९च्या जुलैमध्ये बेस्टने कमीत कमी तिकीट ५ रुपयांवर आणले. प्रवासी धावत आले. सगळ्यांनी वाहवा केली. पण पुढच्या वर्षांत बसचा ताफा वाढण्याऐवजी आटत गेला. लोक थांब्यावर तिष्ठत राहिले, शेअर टॅक्सीला पैसे देत राहिले. मग २०२५च्या मेमध्ये तिकीट एकदम दुप्पट झाले, ५चे १०. पाच रुपयांची बस अर्धा तास आली नाही, तर ती पाच रुपयांची राहत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला विचारा, अर्ध्या तासाची किंमत काय असते. म्हणून स्वस्त तिकीट मागण्याआधी वेळेवर येणारी बस मागा. दोन्ही मिळाले तर उत्तमच.

या शहराला बस नवी नाही. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस बसगाड्या घेऊन ही सेवा सुरू केली. रेल्वे आणि बस एकाच घरच्या होत्या, एकमेकींचे प्रवासी पळवायला निघालेल्या नव्हत्या. आज मेट्रो, एमएमटीएस आणि आरटीसी तिघींची तीन तिकिटे काढावी लागतात. मला हे मागे गेल्यासारखे वाटते.

मोटारवाल्यांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. दारापुढे रस्त्यावर मोटार उभी करणे हीसुद्धा फुकट जागा घेणेच आहे. आपल्या गल्ल्या आधीच अरुंद. एका बाजूला मोटारींची ओळ लागली की उरलेल्या वाटेतून ऑटो, पाण्याचा टँकर आणि शाळेची व्हॅन यांनी जायचे. त्यात फीव्हर हॉस्पिटल आपल्या शेजारी. जुनी माणसे अजून त्याला कोरंटी दवाखाना म्हणतात. पावसाळ्यात तिथे तापाच्या रुग्णांची रीघ लागते, आणि कुठून कुठून लोक ऑटोत पोर मांडीवर घेऊन येतात. तुमची मोटार त्या वाटेवर अर्धा तास उभी असेल, तर त्या आईचा अर्धा तास तुम्ही घेतलात.

नवीन मोटार घ्यायची असेल तर आधी जागा बघा, मग मोटार. अपार्टमेंटमध्ये पार्किंग नसेल तर भाड्याने मिळते का विचारा. ते भाडे मोटारीच्या खर्चातच धरा. घरात दोन मोटारी असतील आणि एक आठवड्यातून एकदाच निघत असेल, तर ती विकून टाका. त्या एका दिवशी टॅक्सी करा. वर्षाअखेरीस पैसे उरतील.

फुकट पार्किंग हातून गेले की मनाला किती लागते, ते नागोल आणि मियापूरच्या मेट्रो स्टेशनांवर २०२४ साली दिसले. पार्किंगला पैसे लावणार म्हटल्यावर प्रवाशांनी निदर्शने केली. त्यांचा राग मला समजतो. मेट्रोने जाणारा माणूस रस्ता मोकळाच करत असतो. त्याला स्टेशनावर दंड केल्यासारखे का करायचे? पैसे लावायचेच तर भर बाजारात रस्त्यावर मोटार लावणाऱ्याला आधी लावा. मॉलमध्ये जात असाल तर एवढे माहीत असू द्या. २०१८च्या सरकारी हुकुमाप्रमाणे पहिला अर्धा तास पार्किंग फुकट आहे. पुढच्या वेळेला खरेदीचे बिल दाखवून सूट मिळते, म्हणून बिल फेकू नका.

आता एक पुढची गोष्ट. गर्दीच्या रस्त्यावर मोटार आणण्याचे पैसे घेणे जगात काही शहरांत चालू आहे. सिंगापूरने १९७५ साली सुरू केले. सकाळी शहराच्या मध्यभागात मोटार न्यायची तर दिवसाला तीन डॉलर, आणि मोटारीत चार माणसे असतील तर माफ. लंडनने २००३ साली पाच पौंड लावले. स्टॉकहोमने आधी जादा बस सोडल्या, मग २००६ साली सात महिने शुल्क लावून बघितले आणि त्यानंतर लोकांना मत विचारले. शुल्क लावण्याआधी लोक विरोधात होते. रस्त्यावरची वाहने पाचातली एक कमी झालेली बघितल्यावर त्यांनी होकार दिला. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२५पासून नऊ डॉलर आहेत.

आपल्याकडे उलटे झाले. मुंबईत शिरणाऱ्या हलक्या वाहनांचा पाचही नाक्यांवरचा टोल १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून माफ केला. मोटारीमागे ४५ रुपये वाचले. नाक्यावरच्या रांगा गेल्या, त्याचा आनंद मलाही झाला. पण तो टोल पूल बांधल्याच्या पैशासाठी होता, गर्दी कमी करायला नव्हता. आणि माफी मोटारवाल्यांना मिळाली. त्याच शहरात सातच महिन्यांनी बसवाल्यांचे तिकीट दुप्पट झाले. हे मला पटलेले नाही.

हैदराबादमध्ये कधी असे शुल्क येऊ घातले, तर लगेच ‘नाही’ म्हणू नका आणि लगेच ‘हो’ही म्हणू नका. बस आधी वाढणार का, हे विचारा. बस नसताना मोटारीला पैसे लावले, तर लोकांनी जायचे कशाने? जमलेला पैसा कुठे जाणार, हे विचारा. लंडनच्या कायद्यात हा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचे बंधन घातले होते. आणि स्कूटरचे काय, हे तर विचाराच. आपल्याकडे स्कूटर म्हणजे चैन नाही, अख्ख्या घराचे वाहन आहे. तिला मोटारीच्या रांगेत उभे करू नये, असे माझे मत आहे. आणि फीव्हर हॉस्पिटलला येणाऱ्याला त्यात सूट हवी.

ऑटोवाल्यांबद्दल थोडे. बायकांना बस फुकट झाल्यावर त्यांचा धंदा बसला. त्यांनी मोर्चे काढले, ते उगीच नव्हते. मीटर ते टाकत नाहीत, हे खरे आहे आणि त्याचा त्रास आपल्याला होतो. बसण्याआधी भाव ठरवा, मोबाइलवर बघून ठेवा. पण रात्री दहाला दवाखान्यातून घरी आणणाऱ्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नका. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून मुलांच्या शाळेला एक ऑटो लावला, तर त्यालाही बांधलेले काम मिळते आणि शाळेपुढच्या चार स्कूटर कमी होतात. मुले दाटीवाटीने कोंबू नका. चार म्हणजे चारच.

शेवटचे काम. वहीत पहिले दोन किलोमीटर वेगळे लिहायला सांगितले होते. ते आता काढा. आपल्या गल्लीतली पाच-सहा घरे एकत्र बसा. कोणत्या थांब्यावर, किती वाजता, कुठल्या बाजूची बस भरून न थांबता जाते किंवा येतच नाही, ते लिहून काढा. नारायणगुड्याच्या मेट्रोपर्यंत लहान बस हवी असेल तर किती माणसे रोज जातील, ते आकड्यात द्या. नुसते ‘बस वाढवा’ म्हटले तर कोणी ऐकत नाही. थांबा, वेळ आणि माणसे सांगितली तर डेपोच्या माणसालाही वरती काही मागता येते.

बरकतपुऱ्याचा डेपो जवळच आहे. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या, महिन्याने पुन्हा जा. अर्ज तेलुगूत असू द्या. तुम्हाला येत नसेल तर घरातल्या शाळकरी नातवंडाला बसवा. त्याचे अक्षर आपल्यापेक्षा चांगले असते.